टाका आणि टीप

घरी शिवलेली गोधडी कोणाला दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हाताची की मशीनची? ‘मशीनची’ म्हटलं की समोरच्याचा गोधडीवरून फिरणारा हात थांबतो. ‘अच्छा, मशीनची होय,’ असं म्हणून विषय दुसरीकडे जातो. त्या ‘होय’मध्ये गोधडीची जी किंमत कमी होते ती मला मान्य नाही. का मान्य नाही, ते जरा तपशिलात सांगायचं आहे.

गोधडी शिवायला मी आजीच्या हाताखाली शिकले. पुढे नोकरी, बदल्या, मुलांच्या शाळा यांत ते सुटलं, आणि निवृत्तीनंतर पुन्हा हातात घेतलं. निमित्त झालं ते आईच्या कपाटातल्या सुती साड्यांचं. इरकली, नारायणपेठी, दोन-तीन माहेश्वरी. नेसायला विरलेल्या, टाकायला जीव होत नाही अशा. पण आता जमिनीवर मांडी घालून तासन् तास बसणं गुडघ्यांना मानवत नाही. जाड थरांतून सुई ओढली की अंगठ्याचा सांधा रात्री ठणकतो. एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. साडेसात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडी, एकेका इंचावर टाक्यांची ओळ. म्हणजे साठ ओळी, ४५० फूट शिवण. इंचाला पाच टाके धरले तर २७ हजार टाके. आजीच्या पिढीतल्या बायका हे शेतातली आणि घरातली कामं सांभाळून करत होत्या. मी कोपऱ्यातल्या पायमशीनवरचं आवरण काढलं.

हातच्या गोधडीची रीत आधी सांगायला हवी, कारण मशीनवर नेमकी तीच उलटी होते. सुगी आटोपली, उन्हं तापायला लागली की अंगणात किंवा ओसरीवर जुनं नऊवारी लुगडं पसरायचं. त्यावर फाटक्या कपड्यांचे तुकडे, विरलेली धोतरं, परकर, जे असेल ते सारखं लावून थर करायचा. वर दुसरं लुगडं. कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवायचा, म्हणजे थर हलत नाहीत. मोठ्या टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. चारही कडांना फेरा पूर्ण झाला की बोटभर आत दुसरा, मग तिसरा. असे चौकोनात चौकोन करत टाके मधोमध येऊन थांबतात. कोकणाच्या खाली उत्तर कन्नडमध्ये सिद्दी समाजातल्या बायका कवंदी शिवतात, तीही कडेपासूनच सुरू होते. तुकडे लावत लावत आणि शिवत शिवत मध्याकडे जाते. कडा आधी पक्क्या करायच्या आणि आतला ढिलेपणा हातानं सारखा करत न्यायचा, हे हाताला जमतं. सुई वर आली की दुसरा तळवा कापडावरून फिरतो, सुरकुती असेल तर ती दोन टाक्यांत वाटून टाकतो. हातच्या गोधडीवर ज्या बारीक लाटा उठतात, त्यांत तळव्याच्या या कामाचाही वाटा असतो.

साताऱ्या-कोल्हापूरकडे वाकळ, बाळासाठी शिवलेलं ते दुपटं, चार पदरी ती चौघडी. ही सगळी गोधडीच्याच घराण्यातली मंडळी, पण त्यांची नोंद मात्र फार उशिरा झाली. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक केलं, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या या कामाकडे कला म्हणून नीट पाहिलं गेलं. त्या स्वतः क्विल्ट म्हणजे परदेशी धर्तीच्या गोधड्या करणाऱ्या, त्यामुळे टाका कसा पाहायचा हे त्यांना ठाऊक होतं. अशी पुस्तकं मराठीतही हवी होती.

आता मशीन. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. पाच वर्षांत कंपनीनं हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली आणि महागडं यंत्र सामान्य घरांत शिरलं. त्या काळातल्या अमेरिकन बायकांनी ते क्विल्टसाठी लगेच वापरलं. काही क्विल्टांवर तर मशीनच्या टिपा मुद्दाम ठळकपणे, वरून दिसतील अशा घातलेल्या आहेत. घरात मशीन आहे हे मिरवण्याचाच तो भाग होता. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगर आली. नसरवानजी मेरवानजी पटेल नावाच्या पारशी गृहस्थांनी भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमध्ये तिचा व्याप वाढवला. १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन तयार व्हायला लागली आणि पुढे मुलीच्या लग्नात मशीन देण्याची पद्धतच पडली. यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध सतत बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद केलं होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट कमी व्हावेत म्हणून सिंगरनं ते शोधलं, त्यामागे प्रेम होतं, असं त्यांचं म्हणणं. ‘यंग इंडिया’त ते छापून आलं. ज्याच्या आश्रमात सूत हातानं कातत त्या माणसानं हे म्हणावं, याचं मला फार मोल वाटतं. हात वाचवणं आणि हात निकामी करणं यांतला फरक त्यांना नेमका दिसला होता.

तरीही मशीनच्या क्विल्टला मान मिळायला शंभर वर्षांहून जास्त काळ जावा लागला. ही कथा अमेरिकेत घडली, आणि ती मला पुन्हा पुन्हा आठवते. नेब्रास्का राज्यात डेव्हिड सिटी गावाजवळ अर्नेस्ट हेट नावाचा शेतकरी होता. शेतकी इंजिनीअरिंग शिकलेला. १९३० च्या दशकात बायको क्विल्टचे तुकडे जोडत असताना त्यानं तिच्या कोपऱ्यांत दोष काढला. ‘मग तुम्हीच करून दाखवा,’ असं आव्हान तिनं दिलं आणि त्यानं ते घेतलं. वरचे तुकडे तो मशीनवर जोडू लागला. सुरुवातीला त्याचे वडील हातानं शिवत. पण याचा जोडण्याचा वेग असा की हाताची शिवण मागे पडायला लागली, तेव्हा त्यानं सगळा क्विल्टच घरच्या मशीनवर शिवायची पद्धत बसवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरप्या सरळ रेषा कमीत कमी वेळा दोरा तोडून कशा न्यायच्या, याचं गणित त्यानं मांडलं. १९७४ साली त्यावर एक छोटी पुस्तिका स्वतः छापली, आणि ती गृहिणींसाठी आहे हे तिच्या नावातच म्हटलं. जन्मभरात त्यानं शेकडो क्विल्ट केले. त्या काळात मशीनच्या कामाला हाताच्या कामाइतका मान नव्हता. पण क्विल्ट रोज अंगावर घ्यायचा आणि धुवायचा, मग तो भक्कम हवा, ही त्याची साधी शेतकऱ्याची समजूत होती.

पुढे कोलोरॅडोतल्या हॅरिएट हारग्रेव्ह यांचं मशीनच्या क्विल्टिंगवरचं पुस्तक १९८७ साली आलं. पिसांच्या वेली, जाळ्या, दाट बारीक वळणं असे हाताचेच मानले जाणारे नमुने घरच्या मशीनवर कसे करायचे, ते त्यांनी पायरीपायरीनं सांगितलं. आणि १९८९ साली केंटकीतल्या पदूका इथल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘करोना टू: सोलर एक्लिप्स’ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सूर्यग्रहणाचा, रंगांच्या लाटांचा हा क्विल्ट पूर्णपणे मशीनवर शिवलेला होता. असं पहिल्यांदाच घडत होतं. नाराजी झाली, वाद झाले. आज तो क्विल्ट त्याच गावातल्या राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे, आणि वादाचं नाव कोणी काढत नाही.

आपल्याकडे हा वाद असा जाहीरपणे झालाच नाही. खरं तर आपल्या बायकांना तो करण्याचा अधिकार जास्त होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गावोगावच्या शिवणवर्गांत मशीन एम्ब्रॉयडरी शिकवत. कापड दाबून ठेवणारी फूट काढून टाकायची, कापड सरकवणारे दाते निकामी करायचे, कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं आणि सुईखाली ती रिंग दोन्ही हातांनी फिरवत पानं, फुलं, मोर काढायचे. उशांचे अभ्रे, टीव्हीवरची आवरणं, बाळाची झबली अशी भरलेली असत. परदेशातली क्विल्टवाली मंडळी आज ज्याला फ्री मोशन म्हणतात आणि ज्याच्या कार्यशाळांना पैसे भरून जातात, ते तंत्र हेच. साठी ओलांडलेल्या कितीतरी जणींच्या हातात ते झोपलेलं आहे. गोधडीकडे परत वळायचा विचार असेल तर त्यांनी शून्यापासून सुरुवात करायची नाही, एवढं त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

साध्या शिवणात कापड पुढे सरकवायचं काम दाते करतात. सुई वर गेली की दाते वर येतात, कापडाला खालून धरतात आणि एक टाका मागे ढकलतात. फूट वरून दाबून ठेवते. टाका केवढा घ्यायचा ते मशीनच्या पट्टीवर ठरतं. गोधडीत इथेच पहिली अडचण येते. दाते खालच्या थराला ओढतात, वरचा थर फुटाखाली रेंगाळतो. चार फूट टीप मारून होईपर्यंत वरचं लुगडं बोटभर पुढे सरकलेलं असतं आणि शेवटी त्याची चुणी पडते. यावर वॉकिंग फूट नावाचं अवजड दिसणारं साधन मिळतं. त्याला वरूनही दाते असतात, सुईच्या दांड्याला अडकवलेल्या एका बाहूमुळे ते सुईच्या तालावर उचलले जातात, आणि वरचा आणि खालचा थर एकत्र चालतात. सरळ रेषांसाठी यासारखं दुसरं काही नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं आधी महिना-दोन महिने याच रेषा मारत राहावं, असं माझं ठाम मत आहे. सरळ टीप सारखी आली की पाय बसतो, आणि पाय बसल्याशिवाय पुढचं काही जमत नाही.

पुढचं म्हणजे दाते खाली करून शिवणं. मशीन तपासायला आलेल्या मेकॅनिककाकांना मी याबद्दल विचारलं. त्यांनी मशीन मागे कलंडवलं, खालचा एक स्क्रू फिरवला आणि दाते पट्टीखाली गेले. ‘ताई, हा स्क्रू प्रत्येक मशीनला नसतो. नसला तर दात्यांवर पातळ प्लास्टिक चिकटवा आणि टाका शून्यावर आणा. दाते काढून ठेवू नका, परत बसवताना वेळ जातो,’ ते म्हणाले. फूट मात्र पूर्ण काढायची नाही. रफूची, उड्या मारणारी फूट लावायची. सुई खाली जाताना ती कापड धरते आणि वर येताना सोडते, बोटंही सुरक्षित राहतात. जाड थरांत रिंग लागत नाही. कापड दोन्ही तळव्यांत धरून फिरवायचं.

आता मशीन सुई फक्त खालीवर करणार. कापड कुठे, किती आणि कोणत्या वेगानं न्यायचं ते हात ठरवणार. टाका लांब हवा की आखूड, हे हाताचा आणि पायाचा वेग जुळण्यावर अवलंबून. हात पळाला तर टाके लांब होतात, पाय पळाला तर एकावर एक पडून दोरा गुंततो. सर्वांत कसोटी लागते ती वळणावर. सरळ जाताना हात एका लयीत असतो. वळण आलं की नकळत तो झटक्यात फिरतो आणि पाय तसाच राहतो. मग गोधडी उलटी करून पाहिली की बरोबर त्या वळणावर वरचा दोरा पापण्यांच्या केसांसारखा खाली बाहेर ओढलेला दिसतो. कारण दोन दोरे जिथे एकमेकांत अडकायचे, त्या जागेवरून कापड वेळेआधी ओढलं गेलेलं असतं. टेन्शनचा स्क्रू फिरवून हे सुटत नाही. वळणावर हात हळू करणं आणि पाय तसाच ठेवणं, याचा रियाजच करावा लागतो.

दोऱ्याचं म्हणाल तर मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात, थरांच्या मधोमध अडकायला हवेत. खाली वरच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचा दोरा ढिला आहे, किंवा ओवताना तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही. फूट वर करून ओवला तरच चकत्या उघड्या असतात, हे शिवणवर्गातलं पहिल्या दिवसाचं ज्ञान वर्षानुवर्षांनी विसरायला होतं. गोधडीचं एक बरं असतं. पातळ कापडावर दोन दोऱ्यांची गाठ लगेच दिसते, इथे ती झाकायला चांगली जाडी असते. सुई १४ नंबरची, थर जाड असतील तर १६. आणि ती बदलत राहायची. बोथट सुई जुन्या सुताला टोचत नाही, फाडते.

थर किती घ्यायचे याचंही गणित बदलतं. हातच्या गोधडीत सात-आठ थर सहज असतात. मशीनवर तीन-चारच बरे. टिपाही दोन-दोन इंचांवर. मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सलग बसते आणि कापडाला आवळते. हातच्या धावदोऱ्यात एकच दोरा आलटून पालटून वरखाली जातो, कापडाला श्वास राहतो. हातच्या अंतरानं मशीनच्या टिपा मारल्या तर गोधडी पायपुसण्यासारखी ताठ होते. ती अंगाला लपेटत नाही, आणि लपेटत नसेल तर ती गोधडी म्हणायची नाही. साड्या निवडताना मी कापड उजेडासमोर धरते आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहते. जिथे चरचर आवाज येतो तिथला भाग कापून टाकायचा. खरंच विरलेलं सूत हातच्या टाक्यात टिकतं, मशीनच्या दाट टिपेत त्याला भोकांची रांग पडते आणि दोन धुण्यांत ते तिथेच फाटतं. सिंथेटिक साडी मात्र कितीही सुंदर असली तरी नको. घसरते, आणि थंडीत गारच लागते.

आणि आता ती उलटी झालेली रीत. मशीनच्या सुईपासून उभ्या दांड्यापर्यंत सात-आठ इंचांची जागा असते. अर्धी गोधडी गुंडाळून त्या चिंचोळ्या जागेतून जायची असते. कडेपासून सुरू केलं तर सगळ्या सुरकुत्या मध्यावर जमतात. तिथे त्या वाटून द्यायला तळवा मोकळा नसतो, आणि मशीन तर थांबत नाही. म्हणून मध्यापासून सुरू करायचं आणि चारही बाजूंनी कडांकडे जायचं, म्हणजे ढिलेपणा बाहेर निघून जातो. आजीचा शेवटचा टाका जिथे पडायचा, तिथे माझी पहिली टीप पडते. हे मला समजलं तेव्हा दोन्ही रीतींबद्दलचा आदर वाढला. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, सुरकुतीचं काय करायचं. उत्तर मात्र ज्या हत्यारानं काम करायचं त्याच्या अंगानं येतं. टाचण्यासाठी मी सेफ्टी पिना लावते, मुठीएवढ्या अंतरावर, आणि सुई जवळ आली की एकेक काढते.

गोधडीचं वजन हा विषय शिवणवर्गात कोणी शिकवत नाही, पण सुबक टीप आणि वेडीवाकडी टीप यांतला निम्मा फरक त्यातून पडतो. टेबलाच्या कडेवरून गोधडी खाली लोंबली की तिचं वजन सुईखालचं कापड ओढतं. हाताला ते कळतही नाही, टाक्याला कळतं. मशीनच्या डावीकडे आणि मागे जेवणाचं टेबल, पलंग, इस्त्रीचं टेबल, जे असेल ते लावून घ्यावं, आणि गोधडी घड्या घालत त्यावर टेकवावी. खुर्ची थोडी उंच, खांदे खाली. पायमशीन असेल तर आणखी बरं. विजेच्या मोटरचा वेग पायानं एकसारखा धरायला वेळ लागतो, पण पट्ट्याच्या चाकाला स्वतःचीच एक लय असते.

नमुन्यांसाठी मला मोडी लिपीचा फार उपयोग झाला. फ्री मोशनमध्ये दोरा न तोडता रेषा पुढे न्यायची असते, आणि मोडी लिहिताना तर लेखणी शक्यतो उचलायचीच नसते. आधी जुन्या वहीत पेन्सिलीनं ओळीच्या ओळी लिहायच्या, डोळा पुढच्या अक्षरावर ठेवायचा, आणि मग तोच हात कापडावर न्यायचा. डोळा सुईवर खिळला की रेषा थरथरते. तो नेहमी सुईच्या पुढे, जिथे जायचं तिथे हवा. हे कळल्यावर वेली, लाटा, सागरगोट्यांसारखे गोल असे नमुने आपोआप सुटे व्हायला लागले. सरावाला जुन्या चादरीचे हातभर तुकडे घ्यावेत आणि त्यांचीच पुढे भांडी धरायची जाड फडकी करावीत. आमच्या स्वयंपाकघरात सध्या अशा फडक्यांची कमी नाही.

रस्त्याच्या कडेला झाडाखाली मशीन मांडून, लोकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देणारे कारागीर पुण्यात आणि इतर शहरांत दिसतात. त्यांच्यापाशी उभं राहून पाहावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांच्याकडे वॉकिंग फूट नाही, पिना नाहीत, मोठं टेबल नाही. डावा हात पुढे, उजवा मागे, आणि कापड दोन हातांमध्ये असं ताणलेलं की वरचा थर सरकायला जागाच राहू नये. गोधडी बहुतेक वेळा त्याच दिवशी तयार होते. टिपा सरळ, सारख्या अंतराच्या. आपण छंद म्हणून जे महिनोन् महिने शिकतो, ते या लोकांच्या मनगटात पोटापाण्यासाठी आलेलं असतं. त्यांच्याशी घासाघीस करताना हे ध्यानात राहिलं तर बरं.

हाताचा टाका मी सोडलेला नाही. नातवंडासाठी दुपटं शिवायचं असेल तर आजोबांच्या धोतराचं मऊ सूत, एकच दोरा आणि हाताचाच धावदोरा. गोट लावताना पहिली टीप मशीनवर, पण मागची बाजू हातानं दुमडून तुरपाई करते. रोज पायाशी पडणारी, मुलांनी ओढायची, महिन्याला धुवायची गोधडी मात्र मशीनवरच. कोणती कुठे हे गोधडीच्या वापरावरून ठरावं, तिच्या मानावरून नाही.

एक गोष्ट मात्र मी आता प्रत्येक गोधडीवर करते, आणि शिवणाऱ्या प्रत्येकीनं करावी असं मला वाटतं. फ्री मोशन येऊ लागलं की सुईनं लिहिताही येतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात, गोटाच्या आत, शिवणारीचं नाव, गाव, साल आणि साड्या कोणाच्या ते लिहावं. घराघरांत आज ज्या जुन्या गोधड्या सापडतात त्यांतल्या बहुतेकींवर कोणाचंच नाव नाही. ही पणजीची की तिच्या जावेची, हे सांगणारं माणूसही राहिलेलं नसतं. नागरीत लिहा, मोडीत लिहा, अक्षर थोडं वेडंवाकडं आलं तरी चालेल. दोरा कापडापेक्षा गडद घ्या, म्हणजे धुवून धुवून फिकट झाला तरी वाचता येईल.